मौला मास्तरांची डावी बाजू

मी माणसं चेहऱ्यावरून लक्षात ठेवत नाही, दातांवरून ठेवते. कोल्हापूरच्या गंगावेशीत तीस वर्षं दवाखाना चालवल्यावर दुसरं काय होणार? रस्त्यात कुणी "ओळखलं का डाक्टर?" म्हणून हात करतं आणि मी मनात म्हणते, आधी आ करा, मग सांगते. मौला मास्तरांच्या बाबतीत मात्र मला सगळंच आठवतं. बँडचा लाल कोट, बाहीवरची काळवंडलेली सोनेरी नाडी, सॅक्सोफोन तोंडाला लावायच्या आधी डावीकडे खाली बघायची सवय. आणि दात तर आठवतोच. वरचा, समोरचा, उजवा. त्या एका दातानं सात महिने माझा जीव खाल्ला.

गेल्या थंडीत मास्तर गेले. मी घरच्यांना भेटायला गेले तेव्हा त्यांच्या खोलीत खाटेच्या डाव्या अंगाला भिंतीपर्यंत जागा मोकळीच होती. इतकी माणसं दाटीवाटीनं बसलेली, पण तिथं कुणी बसलं नव्हतं. मी पण बसले नाही.

मास्तर पहिल्यांदा दवाखान्यात आले तेव्हा सत्तरीला टेकले होते. पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, हातात चामड्याची लांबोडकी पेटी. पेटी त्यांनी खुर्चीवर ठेवली आणि स्वतः उभे राहिले. माझ्याकडे पेशंटला बसायला तीनच खुर्च्या, त्यातली एक पेटीला गेली म्हणून सुमनच्या कपाळाला आठ्या. सुमन माझी मदतनीस. वीस वर्षं माझ्याकडे आहे आणि माझ्यापेक्षा जास्त डॉक्टर आहे.

"कुठं दुखतंय?" मी विचारलं.

"दुखत कुटंच न्हाय. हलतोय."

मी बोटानं पाहिलं. हलतोय कसला, डुलत होता. "हा काढून टाकू. दहा मिनिटांचं काम आहे."

मास्तर खुर्चीतून उतरले. "काढायचाच असता तर दाराच्या कडीला दोरा बांधला असता की. तुमच्यापतोर कशाला आलो असतो?"

हे शहर डॉक्टरशीसुद्धा तालमीत उभं राहिल्यासारखं बोलतं, त्याचं मला काही नाही. मी हुपरीची आहे, आवाज माझाही लहान नाही. पण मी तोंड उघडायच्या आत त्यांनी पेटी उघडली आणि सॅक्सोफोनचा तोंडात धरायचा काळा तुकडा माझ्या हातात दिला. "हितं बगा. वरचे दात हितं टेकत्यात. खालचा ओठ पत्तीखाली. हा दात गेला की फुंक गेली, आन् फुंक गेली की मौला गेला."

त्या काळ्या तुकड्यावर दोन खड्डे पडले होते. मी एकात नख घालून बघितलं, अर्धं नख आत गेलं. दगडी पायरीला जसा पायांचा खळगा पडतो, तसा माणसाच्या दातांनी पाडलेला खळगा मी पहिल्यांदाच पाहत होते.

"किती वर्षं वाजवताय?"

"पंचेचाळीस झाली आसतील. दुसरा घेतला असता, पन ह्यात माझे दात बसल्यात."

"आणि हा दात किती दिवस टिकवायचाय तुम्हाला?"

"रेशमाच्या लग्नापतोर. माझी पुतणी. मे म्हयन्यात हाय. तवा तिच्या रुखसतीला, पाटवनीला, एकदा वाजिवलं की मग तुमी सगळे काढा, बत्तीसच्या बत्तीस."

"अहो, बत्तीस आहेत कुठं?" असं म्हणून मी त्यांना परत खुर्चीत बसवलं. आता दातांच्या दवाखान्याची एक रीत असते. डॉक्टर पेशंटच्या उजवीकडे, मदतनीस डावीकडे. लाळ ओढायची नळी डावीकडेच टांगलेली असते. सुमन नेहमीप्रमाणे तिथं जाऊन उभी राहिली तर मास्तर म्हणाले, "बाई, रागावू नका, पन तुमी जरा पलीकडनं हुबं ऱ्हावा. हिकडं नगं."

सुमन माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, ये बाई इकडं. त्या दिवसापासून मास्तर आले की आम्ही दोघी एका बाजूला, कोपराला कोपर लागतोय, नळी माझ्या मानेवरून गेलेली. सुमन त्यांना माघारी "नवाब" म्हणायची.

या भानगडीचा उलगडा मला दिवाळीनंतर झाला. दवाखान्यासमोरून एक वरात चालली होती. सगळीकडं डॉल्बी आलेला, बँड लावणारी माणसं बोटावर मोजण्याइतकी उरलेली, म्हणून मी खिडकीत जाऊन उभी राहिले. मास्तर मध्ये, उजवीकडे क्लॅरिनेट, मागं दोन रांगा. डावीकडे मात्र एक माणूस मावेल एवढी जागा रिकामी. चालताना, वळताना, गर्दीतून रेटून जाताना ती जागा तशीच राहायची. मागचा ट्रम्पेटवाला अण्णाप्पा चुकून पुढे सरकला की पटकन पाय मागे घ्यायचा. एवढ्यात नवरदेवाचा एक दोस्त नाचत नाचत नेमका तिथं शिरला. मास्तरांनी सूर अर्ध्यात तोडला आणि सॅक्स खाली घेतला. सगळा बँड थांबला.

"पावणं, तितनं बाजूला व्हा."

"का? रस्ता काय तुमच्या बापाचा हाय?"

"बापाचा न्हाय," मास्तर म्हणाले. "भावाचा हाय."

आवाज चढवला नव्हता. पण तो पोरगा मुकाट्यानं बाजूला झाला आणि वरात पुढं गेली.

अण्णाप्पाची दाढ मी नंतर महिन्याभरात काढली. तोंडातला कापूस काढल्या काढल्या मी विचारून घेतलं. त्यानं सांगितलं, ती दस्तगीरची जागा. मास्तरांचा धाकटा भाऊ. बँडमध्ये कॅसिओ वाजवायचा. पंचवीस वर्षांपूर्वी बँडचा टेम्पो कलंडला त्यात गेला. रेशमा तेव्हा दोन वर्षांची होती. दोन वर्षांतच तिची आईपण गेली. मास्तरांनी लग्न केलेलं नव्हतं, मग केलंच नाही. पोरीला त्यांनी वाढवलं. ती आता नर्स होती आणि मास्तरांना माझ्याकडे पाठवणारी पण तीच.

"जागा तशीच ठेवा असं मास्तर म्हणाले का?" मी विचारलं.

"म्हणतेत कशाला? दस्तू गेल्यावर पयल्या लग्नाला आमी हुबं ऱ्हायलो, तवा तितं कोनाचा पाय पडंना. झालं. आता तीच रीत."

मग मला आणखी एक गोष्ट आठवली. माझं लग्न होऊन मी कोल्हापुरात आले त्याच वर्षी माझ्या नणंदेची पाठवणी झाली. नणंद आणि मी, आमचं काही फार सूत नव्हतं. ती जातेय याचा मला मनातून आनंदच झाला होता, खोटं कशाला बोलू. पण दारात लाल कोटातल्या बँडवाल्यानं डावीकडे खाली बघून सॅक्सोफोनवर काहीतरी सावकाश, खालच्या सुरात वाजवायला घेतलं आणि सुराच्या मध्येच एक हुंदका आला. वाद्यातून आला. सूर सरळ जाता जाता खाली बसायचा, थरथरायचा आणि पुन्हा उठायचा. मी अशी रडले की सासूबाई चकित झाल्या. नंतर कित्येक वर्षं मी त्या गाण्याचं नाव विचारत फिरले, कुणालाच सांगता आलं नाही. कोल्हापुरात बायका त्याला "हुंदक्याचं गाणं" म्हणायच्या एवढंच. आणि तो हुंदका काढणारा माणूस आता दर पंधरा दिवसांनी माझ्यासमोर आ करून बसत होता.

पुढच्या वेळी मी त्या गाण्याबद्दल सरळ विचारलं. मास्तर पेटी उचलून निघून गेले. त्याच्या पुढच्या वेळी येताना मात्र उशीच्या अभ्र्यात गुंडाळून गाण्यांची एक मोठी तबकडी घेऊन आले. परदेशी. पंचगंगेच्या पुरात दुधाळीच्या अंगाला त्यांच्या घरात छातीएवढं पाणी आलं होतं. रेकॉर्ड प्लेअर गेला, सागवानी खाट गेली, ही तबकडी मात्र त्यांनी डोक्यावर धरून बाहेर काढली होती. वेष्टनावर एक काळा धिप्पाड माणूस सॅक्सोफोन घेऊन उभा, कपाळावर घाम, मान बैलासारखी. त्याच्या डावीकडे कडेला ऑर्गनच्या पट्ट्या आणि त्यावर फक्त दोन हात. हाताचा धनी चित्राच्या बाहेर राहिलेला.

"ह्यो पैलवान," मास्तर म्हणाले. "आमाला त्येचं नाव वाचाय यायचं न्हाय. मान बगून दस्तूनं ठेवलं. आन् ह्ये हात हायत न्हवं, त्यो मागचा. दस्तू म्हनायचा, भाई, तू पैलवान, मी मागचा."

नेसरीकडचा एक माणूस बोटीवर स्वयंपाकी होता. त्याच्या लग्नात मास्तरांनी वाजवलेलं त्याला इतकं आवडलं की पुढच्या सुट्टीला येताना त्यानं ही तबकडी आणून दिली. सहा गाणी. नावं इंग्रजी, म्हणून भावांनी आपली नावं दिली. एक चहाची, एक घाटातली, एक भांडणाची. चौथी होती सासरची. तीच हुंदक्याची.

"लावता का कधी?"

"दस्तू गेल्यापास्नं एकदा बी न्हाय."

इथं मी चूक केली. चांगलं करायला गेले, म्हणजे चूकच. त्या वेष्टनाचा मी फोटो काढला आणि पुण्याला मुलाला पाठवला. तासाभरात त्यानं सगळी सहा गाणी माझ्या मोबाइलवर पाठवून दिली. वर लिहिलं, "आई, याला सोल जाझ म्हणतात. तू कधीपासून हे ऐकायला लागलीस?" मी ऐकलं नाही. म्हटलं, पहिल्यांदा मास्तरांच्याबरोबरच ऐकायचं. पुढच्या खेपेला ते खुर्चीत, मी दाताभोवती तार आवळतेय. माझे वडील हुपरीला पैंजणाची चांदीची तार ओढायचे. लहानपणी त्यांच्याशेजारी बसून तार पिळायला शिकले त्याचा उपयोग असा झाला की हलणारा दात शेजारच्या दातांना बांधायचं काम मला इतरांपेक्षा बरं जमतं. तर तार आवळली, गाठ मारली आणि मोठ्या थाटात मोबाइलवर चौथं गाणं लावलं.

मला वाटलं, भलतंच काहीतरी लागलं. ढोल उड्या मारत होता, ऑर्गन पोटातून हसत होता आणि सॅक्सोफोनवाला खुशीत पळत सुटला होता. नाचायचं गाणं होतं ते. सुमनचा पाय ठेका धरायला लागला. मी चरफडत म्हटलं, "थांबा हं मास्तर, मुलानं चुकीचं पाठवलंय. हुंदका कुठंय यात?"

मास्तरांचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी तोंडातला कापूस काढला. "बंद करा डाक्टर."

"अहो, दुसरं लावते."

"त्येच हाय. बरोबर हाय. आसंच हाय ते. बंद करा. बोट न्हाय त्येच्यावर."

मी बंद केलं. बाहेर पेशंट खोळंबले होते, त्यांना सुमननं चहाला पिटाळलं. मग मास्तरांनी सांगितलं. खुर्चीत सरळ बसून, समोरच्या दातांच्या तक्त्याकडे बघत सांगितलं.

पैलवान इतका भरभर वाजवायचा की कानाला सूर धरता यायचे नाहीत. प्लेअरचा वेग बदलायचा खटका मोडलेला. मग दस्तगीरनं युक्ती काढली. तो पंधरा वर्षांचा होता. मास्तर खाटेवर सॅक्स घेऊन बसायचे, दस्तगीर त्यांच्या डावीकडे खाली जमिनीवर प्लेअर घेऊन बसायचा आणि फिरत्या तबकडीच्या कडेला एक बोट अलगद टेकवायचा. तबकडी जड व्हायची, गाणं सावकाश चालायचं, सूर खाली उतरायचा. तबकडी ओढतेय आणि बोट धरतंय, त्यामुळं बोट थरथरायचं आणि बोटाबरोबर सूर पण थरथरायचा. मास्तर जे कानावर येईल ते जसंच्या तसं उचलायचे. थरथर पण उचलली.

"म्हणजे तो हुंदका..."

"पैलवानाचा न्हाय डाक्टर. पैलवान हसतोय. हुंदका दस्तूच्या बोटाचा हाय."

आधी सावकाश बसवायचं आणि नंतर बोट काढून खऱ्या वेगानं वाजवायचं, असं दोघांचं ठरलेलं. दर खेपेला दस्तगीर खालून वर बघत विचारायचा, "भाई, सोडू का?" पाच गाण्यांना मास्तर "सोड" म्हणाले. चौथ्याला मात्र दर वेळी म्हणायचे, "थांब. अजून न्हाय." कारण त्या सावकाश चालीवर एका लग्नात सगळा मांडव रडला होता आणि मग गावोगावच्या बायका तेच मागायला लागल्या. दस्तगीरला पटायचं नाही. तो म्हणायचा, भाई, हे नाचायचं गाणं आहे, आपण पोरींना उगाच रडवतोय, एकदा तरी पळवून वाजवू, मी कॅसिओवर मागच्याचे हात वाजवतो. मास्तर म्हणायचे, अजून न्हाय. पुण्याच्या एका ऑर्केस्ट्रानं दस्तगीरला बोलावलं, तेव्हापण मास्तरच म्हणाले, ही एवढी लगीनसराई होऊ दे, मग जा.

त्याच लगीनसराईत नेसरीकडचं एक लग्न उरकून दुपारी बँड परत निघाला. टेम्पोच्या मागं ऊन तापलेलं. दस्तगीर म्हणाला, भाई, आज मी पुढं केबिनमध्ये बसतो.

"मी म्हटलं, तुजा कॅसिओ मागं कोन धरनार? तू बस मागं, मग येशील गडहिंग्लजनं फुडं." मास्तरांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "गडहिंग्लज आलंच न्हाय. नेसरीच्या मान्सानं दिलं हुतं, नेसरीच्या वाटंनंच गेलं."

सुमन डावीकडे गेली नव्हती, पण तिचा हात नकळत त्यांच्या डाव्या बाजूकडे गेला होता. तिनं तो मागे घेतला.

"आता कळलं का डाक्टर दात कशाला पायजे? रेशमाला बाप आटवत न्हाय. दोन वर्साची काय आटवनार? एक फोटो हाय, त्यो बी पुरात भिजला. तिच्या रुखसतीला बाप आला पायजे. मी वाजिवलं तरच येतोय त्यो, दुसरं कसं आननार?"

त्यानंतर मी त्या दाताची जेवढी काळजी घेतली तेवढी माझ्या स्वतःच्या दातांची घेतली नाही. मार्चमध्ये हिरडी सुजली, ती बसवली. एप्रिलमध्ये तार तुटली, दुसरी बांधली. वाजवायचं नाही, नुसती बोटं चालवायची असा दम भरला. रेशमा सांगायची, घरात रोज संध्याकाळी बडे अब्बा तोंडाला न लावता सॅक्सवर बोटं चालवतात आणि मध्येच डावीकडे बघून "थांब, अजून न्हाय" म्हणतात. लहानपणी तिला वाटायचं ते तिलाच म्हणताहेत.

लग्नाला पंधरा दिवस राहिले तेव्हा मी एक्स-रे काढला आणि खाली बसले. मुळाला हाड धरून असं राहिलंच नव्हतं. दात होता तो माझ्या तारेवर.

"मास्तर, एक गाणं," मी म्हटलं. "जोर न लावता. सुरुवातीला दम घेऊन, हळू. त्यातही शेवटपर्यंत टिकेल याची खात्री मी देत नाही."

"मधीच पडला तर?"

तेव्हा मला हुपरीच्या माळ्यावरचा प्लेअर आठवला. वडील त्यावर देवाची गाणी लावायचे. मी सुचवलं, तबकडी खाली वाजत ठेवू, बोट टेकवून, सावकाश. तुम्ही तिच्यावरून वाजवा. दात पडला तरी गाणं पडणार नाही.

 "बोट कोन ठेवनार? माझी दोनी हातं गुंतल्याली."

"मी ठेवते की."

त्यांनी माझा हात हातात घेतला आणि उलटसुलट करून बघितला. चांदीच्या बाजारात माल पारखावा तसा. "न्हाय डाक्टर. तुमचा हात लई स्थिर हाय. हुंदका न्हाय यायचा."

तीस वर्षांत माझ्या हाताची एवढी तारीफ कुणी केली नव्हती आणि एवढं वाईटही मला कधी वाटलं नव्हतं. मी दुखावले की मग गप्प बसत नाही. त्याच संध्याकाळी रेशमाला बोलावून घेतलं आणि मास्तरांनी मला जे सांगितलं होतं ते सगळं तिला सांगून टाकलं. बोटाचं, टेम्पोचं, सगळं. ती एकदाच म्हणाली, "माझ्या अब्बांचं बोट होतं ते?" आणि उठून गेली. मास्तर मला काय म्हणतील याची मला धास्ती होती, पण ते काही बोलले नाहीत. तिनं त्यांना सांगितलंच नव्हतं.

लग्नाच्या दिवशी दुपारी जेवणं आटोपली. हॉलच्या दारात मोटार फुलं लावून उभी. मी एका स्टुलावर प्लेअर मांडला, समोर माइक ठेवला, आणि शेवटी नाइलाजानं अण्णाप्पाला बोट ठेवायला तयार केला. तो डावीकडे यायला धजत नव्हता, उजवीकडून लांबून हात पुढं करून बघत होता. मास्तर लाल कोट घालून उभे. त्यांनी सवयीनं डावीकडे खाली पाहिलं.

तेवढ्यात रेशमा आली. शरारा दोन्ही हातांनी सावरत, बायकांना मागं सारत ती सरळ मास्तरांच्या डावीकडे गेली आणि फरशीवर बसली. बँडमधला एकेक माणूस ताठ झाला. क्लॅरिनेटवाल्यानं तर डोळेच मिटून घेतले. तिनं स्टूल बाजूला करून प्लेअर खाली घेतला आणि मेंदीचं बोट तबकडीवर धरून मास्तरांकडे वर बघितलं.

मास्तर तिच्याकडे वाकले. मग ते म्हणाले, "दाब जरा. एवढं न्हाय. हलकं. हां."

मी सुई टेकवली. सासरची सुरू झाली, सावकाश, खालच्या सुरात. आणि रेशमाचं बोट थरथरत होतं, मुद्दाम नव्हे, रुखसतीच्या दिवशी कुठल्या मुलीचं थरथरणार नाही? हुंदका आला. मास्तरांनी सॅक्स तोंडाला लावला आणि तोच हुंदका त्यांनी वरून दिला, आणि दोन्ही हुंदके एकात एक बसले. मी मास्तरांच्या ओठाकडे बघत होते. मी फक्त दाताकडे बघणार होते, रडणार नव्हते. कोपऱ्यातून रक्ताची बारीक धार हनुवटीवर आली तरी ते थांबले नाहीत. हॉलमध्ये भांड्याचा आवाज नव्हता.

गाणं अर्ध्यावर आलं तेव्हा खालून रेशमानं विचारलं, "बडे अब्बा, सोडू का?"

तिला ते शब्द मीच सांगितले होते. मास्तरांनी सॅक्स खाली घेतला. तोंडात धरायच्या काळ्या तुकड्यावरच्या त्या पंचेचाळीस वर्षांच्या खड्ड्यात दात राहिला होता, तारेसकट. त्यांनी तो मुठीत धरला.

"सोड," ते म्हणाले.

तिनं बोट उचललं. तबकडी पळायला लागली, पैलवान हसायला लागला, मागच्याचे हात उड्या मारायला लागले. रेशमानं मास्तरांना मिठी मारली, उठली आणि सगळी माणसं तिच्यामागून दाराकडे गेली. नाचायच्या गाण्यावर पोरगी सासरी निघाली. बाहेर मोटारीचे दरवाजे लागल्याचं ऐकू आलं.

आत आम्ही दोघंच उरलो. मास्तर खुर्चीवर बसले होते, पायानं ठेका धरत, तोंडाला रुमाल. मी जखम बघायला जवळ गेले आणि तेवढ्यात गाणं जड झालं. सूर खाली बसला, थरथरला. एकदा. मग पुन्हा. मी वर पंख्याकडे पाहिलं, तो होता तसा फिरत होता. दिवे मंद झाले नव्हते. प्लेअर जुना आहे, आतलं रबर वाळलेलं असणार, घसरत असेल, असं मी स्वतःला समजावत होते. तबकडीजवळ कुणीच नव्हतं.

मास्तरांनी डावीकडे खाली पाहिलं. रागावून नव्हे, लहान भावाला समजवावं तसं म्हणाले, "सोड म्हटलं न्हवं का दस्तू? सोड की आता. गेली ती."

आणि तबकडी पळायला लागली.